पापण्या सुजतात, सकाळी चिकटतात? शेक असा द्या

सोलापुरात नव्या पेठेजवळच्या एका बोळात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. २६ वर्षं हेच काम करते. साडीच्या काठाशी जुळणारा दोरा रिळांतून शोधायचा, सुईत ओवायचा आणि टाका वरून दिसणार नाही असा फॉल हातानं लावत जायचं. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सुईच्या नेढ्यात दोरा जाईनासा झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासून आले, तर नंबर होता तोच. नजर मध्येच धूसर व्हायची, दोन-चार वेळा पापण्या मिटल्या-उघडल्या की पुन्हा स्वच्छ. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. सकाळी पापण्या चिपडांनी अशा चिकटलेल्या असायच्या की ओल्या बोटानं भिजवल्याशिवाय डोळा उघडायचा नाही. आरशात पाहिलं तर पापण्यांच्या कडा लाल, जाडसर, आणि केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे बारीक पापुद्रे.

गिऱ्हाईक बायका दारातूनच विचारायच्या, "ताई, डोळे आलेत का?" आणि साडी टेबलावर ठेवून दोन पावलं मागं सरायच्या. त्याचं फार वाईट वाटायचं. डोळे आले नव्हते. डोळे येतात तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, बहुतेक वेळा साथ चालू असते, आणि आठ-पंधरा दिवसांत ते ओसरतं. माझं दुखणं पापणीच्या कडेचं होतं. डॉक्टर त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. ते जवळ बसल्यानं कुणाला लागत नाही, आणि एकदा जडलं की कायमचं जातही नाही. आटोक्यात मात्र राहतं, अगदी चांगलं राहतं.

त्यासाठी घरी जे करायचं ते सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे आणि खर्च जवळजवळ नाहीच. पण अर्धवट केलं तर काही उपयोग होत नाही, आणि बहुतेक जण अर्धवटच करतात. "शेक देऊन पाहिला, काही फरक नाही" असं मीसुद्धा किती तरी महिने सांगत होते. म्हणून एकेक गोष्ट नीट सांगते.

पापणीत नेमकं होतं काय

पापणीच्या कडेला, केसांच्या ओळीच्या मागं, बारीक तोंडांची एक रांग असते. त्या तेलाच्या ग्रंथी. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश माइबोम या जर्मन डॉक्टरांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटतो तेव्हा त्यांतून किंचित तेल येतं आणि डोळ्यातल्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. ती साय असते म्हणून पाणी उडून जात नाही.

डॉक्टरांनी यंत्रातून बघताना माझ्या पापणीची कड हलकेच दाबली आणि फोटो काढून मला दाखवला. निरोगी पापणीतून पातळ तेलाचा स्वच्छ थेंब येतो. माझ्या पापणीतून पांढरट, घट्ट, टूथपेस्टच्या बारीक दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. थंडीत बाटलीत खोबरेल थिजतं ना, अगदी तसं. तेल थिजलं की ग्रंथींची तोंडं बुजतात, साय धरत नाही, पाणी उडतं आणि डोळा कोरडा पडतो. कोरडा पडला की शरीर उलट आणखी पाणी सोडतं. "माझ्या डोळ्यांतून तर धारा लागतात, मग कोरडे कसे?" असं दुकानात मला अनेक जणी विचारतात. त्याचं कारण हे.

सगळ्यांचं दुखणं तेलाचंच असतं असंही नाही. काहींचा डोक्यातला कोंडा भुवयांवरून पापण्यांपर्यंत उतरलेला असतो. काहींच्या पापण्यांच्या मुळाशी जंतू वाढतात, तर काहींना डेमोडेक्स नावाच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा त्रास असतो. त्यात प्रत्येक केसाच्या मुळाभोवती पांढरट नळीसारखा पापुद्रा दिसतो. यातलं आपलं कोणतं, हे एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बघून घ्याच. शेक आणि सफाई मात्र बहुतेक प्रकारांत करावीच लागते.

शेक

थिजलेलं खोबरेल उन्हात ठेवलं की सुटतं, तसं पापणीतलं तेल सुटायला ४० अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि तीही सलग पाच ते दहा मिनिटं. माझं चुकत होतं ते इथंच. रुमाल गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, डोळ्यांवर ठेवायचा आणि गार झाला की उठायचं. पण ओला रुमाल दीड-दोन मिनिटांत कोमट होतो. तेल सुटायच्या आधीच माझा शेक संपत होता.

आता मी असं करते. सकाळी चहाच्या आधी पाणी उकळून थर्मासमध्ये भरते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलं वापरावं लागतं, त्यामुळे रात्री उकळून गार केलेलं पाणी झाकून ठेवलेलं असतं. पसरट भांड्यात तीन वाट्या हे गार पाणी आणि एक वाटी थर्मासमधलं. थंडीच्या दिवसांत गरम थोडं जास्त. सोलापुरी टर्किश नॅपकिन दोन घेते, कारण जाड सुताचा नॅपकिन ऊब धरून ठेवतो. पातळ हातरुमालाचं ते काम नाही. नॅपकिनची चौपदरी घडी, पाण्यात बुडवून घट्ट पिळायची, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून दहापर्यंत आकडे मोजायचे. सुखद ऊब वाटली तर डोळ्यांवर. चटका वाटला तर थांबायचं. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते, ती चटकन भाजते. मधुमेहामुळे हाताला गरम-गार नीट कळत नसेल किंवा घरात वयस्कर माणसाला शेक द्यायचा असेल, तर दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावर तपासा.

आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, घडी दोन्ही डोळ्यांवर ठेवायची. दाबायची नाही, नुसती टेकलेली असू द्यायची. दुसरा नॅपकिन भांड्यात बुडालेला असतो. दीडएक मिनिट झालं की अदलाबदल. भांड्यातलं पाणी निवतंय असं वाटलं की थर्मासमधून थोडं ओतून हातानं ढवळायचं आणि मनगटावरची तपासणी पुन्हा करायची. अशा सहा-सात अदलाबदली झाल्या की दहा मिनिटं होतात. मी रेडिओ लावून ठेवते. दोन-अडीच गाणी झाली की माझा शेक झाला.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आधी काढून ठेवायची, आणि पापण्या लाल असेपर्यंत चष्माच वापरायचा.

लगेच चोळायचं

शेक झाला की उठून पहिल्यांदा चहा ठेवायला जाऊ नका. सुटलेलं तेल पुन्हा थिजायला वेळ लागत नाही. हात आधीच साबणानं धुतलेले हवेत आणि नखं कापलेली. डोळे मिटलेलेच ठेवायचे. डाव्या हाताच्या बोटानं पापणीचा बाहेरचा कोपरा कानाच्या दिशेनं किंचित ताणून धरायचा, म्हणजे पापणी सपाट होते. मग उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरानं वरची पापणी वरून खाली, केसांकडे, आणि खालची पापणी खालून वर, केसांकडे. ग्रंथी उभ्या असतात, म्हणून बोटही उभंच फिरायला हवं. नाकाच्या बाजूनं सुरुवात करून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, प्रत्येक पापणीवर पाच-सहा वेळा.

दाब किती? सॅटिनच्या कापडावर पडलेली चुणी आपण बोटानं सपाट करतो, तितका. बुबुळावर दाब जाता कामा नये. ज्यांना काचबिंदू आहे किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोळू नये.

यानंतर पाच-दहा मिनिटं थोडं धुरकट दिसतं, कारण सुटलेलं तेल डोळ्यात पसरतं. मी पहिल्यांदा घाबरले होते. तेवढ्या वेळात गाडी चालवायला किंवा बारीक काम घेऊ नका.

सफाई

अर्ध्या वाटी कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब. तेवढेच, फेस फार झाला तर शाम्पू जास्त पडला असं समजा. कापसाची काडी किंवा स्वच्छ सुती कापडाचा तुकडा त्यात भिजवून, डोळा मिटून, केसांच्या मुळाशी आडवा फिरवायचा. केसांच्या टोकांवरून फिरवून काही होत नाही, पापुद्रे मुळाशी असतात. खालच्या पापणीसाठी आरशात वर बघायचं आणि काडी कडेवरून न्यायची, डोळ्याच्या आत नाही. सुकलेली खपली ओढून काढू नका. शेकानं ती मऊ झालेली असतेच, आज नाही निघाली तर उद्या निघेल. दुसऱ्या डोळ्याला दुसरी काडी. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यानं धुऊन, टिपून घ्यायचं.

काहींना शाम्पूनंही चुरचुरतं. औषधाच्या दुकानात पापण्या पुसायच्या तयार ओल्या पट्ट्या मिळतात, त्या जरा महाग पडतात पण त्रास देत नाहीत. सुरुवातीला मी त्याच वापरल्या होत्या.

पहिला महिना हे सगळं दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात मला काहीच फरक वाटला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डोळे न भिजवता उघडले आणि ते माझ्या लक्षात आलं अंघोळ झाल्यावर. दीड महिन्यानंतर मी एकदाच, सकाळी, करायला लागले आणि आजही करते. मध्ये दिवाळीच्या गर्दीत दहा दिवस सुटलं, तर भाऊबीजेला उजव्या डोळ्यावर रांजणवाडी उठलेली होती. आमच्या शिवणयंत्राला तेल द्यायचं चार दिवस राहिलं, बॉबिनखालची कापसाची धूळ झाडायची राहिली, की ते टाके सोडायला लागतं. पापणीचंही मी आता तसंच धरलंय.

गरम कधी, गार कधी

यात लोकांची फार गल्लत होते. कडा जाड, चिकट, खपली धरलेल्या असतील किंवा रांजणवाडी असेल तर गरम शेक. पापणी अचानक फुगली, पाण्यासारखी सूज आली आणि खाज सहन होत नाही, असं असेल तर ती बहुतेक वेळा ॲलर्जी असते. तिथं गरम शेकानं खाज वाढते. स्वच्छ गार पाण्याची पट्टी ठेवायची. केसांचा रंग, नवी क्रीम, नेलपॉलिश यांनीही पापणी सुजते. नेलपॉलिश डोळ्याला कुठं लावतो, असं वाटेल, पण दिवसभरात तो हात किती वेळा डोळ्याला लागतो ते आठवून बघा.

डोळ्यात काय घालू नये

माझ्या रांजणवाडीवर सासूबाईंनी मायेनं लवंग उगाळून लावली होती. त्यांच्या आईनं त्यांना लावलेली. लावताना गार वाटलं, पण झोपेत घामानं ती डोळ्यात उतरली आणि रात्री दोनला मी नळाखाली डोळा धरून उभी होते. निरशं दूध, मध, गुलाबपाणी, एरंडेल, तूप, लिंबाचा रस हे सगळं मला कुणी ना कुणी सांगितलेलं आहे. यातलं काहीही जंतुविरहित नसतं, आणि डोळ्याच्या काळ्या भागावर जखम किंवा जंतुसंसर्ग झाला तर नजर कायमची जाऊ शकते. टी ट्री तेलाचं नाव डेमोडेक्ससाठी घेतलं जातं, पण बाटलीतलं तेल तसंच पापणीला लावलं तर डोळा भाजतो. रांजणवाडी फोडायची नाही, पिळायची नाही, पुळी म्हणून बोटांत धरायचीही नाही. शेकानं ती बहुतेकदा आपणहून बसते किंवा फुटते.

काजळ मी लहानपणापासून घालत होते. पापणीच्या आतल्या कडेवर काजळाचं बोट फिरवलं की ते बरोबर त्या ग्रंथींच्या तोंडांवर बसतं. सोडलं. सणाला घालावंसं वाटलं तर केसांच्या बाहेरच्या बाजूनं बारीक रेघ ओढते आणि रात्री पुसूनच झोपते. सुरम्यात तर शिसं असू शकतं, तो लहान मुलांना मुळीच नको.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते थेंबांबद्दल. डॉक्टरांकडे जाण्याआधी आठ महिने मी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, एकच बाटली पुन्हा पुन्हा आणत होते. दोन दिवसांत लाली जायची, थांबवलं की परत यायची. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. ते मनानं फार दिवस घेतलं की डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि वाढलेला दाब दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. माझा दाब वाढलेलाच निघाला. थेंब बंद केल्यावर तो उतरला, हे माझं नशीब. तुमच्या घरातल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव आहे का, ते आजच बघा. डॉक्टरांनी मोजून दिवस सांगितले असतील तर ते औषध चांगलंच आहे. आपल्या मनानं ते चालू ठेवणं धोक्याचं. कुठलीही बाटली उघडली की त्यावर मार्करनं तारीख लिहा आणि महिन्यानं टाकून द्या.

शेक राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा

नजर कमी झाली, डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतोय, तर त्याच दिवशी. पापणीची सूज गालापर्यंत पसरली, ताप आला, डोळा फिरवताना दुखतंय, डोळा पुढं आल्यासारखा वाटतोय, तर रात्र असली तरी थांबू नका; लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच नाही. कपाळाच्या एकाच बाजूला किंवा नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड आले असतील तर ती नागीण असू शकते, आणि ती डोळ्यात उतरते.

एक गोष्ट घाई नसली तरी विसरायची नाही. एकाच पापणीवर, त्याच जागी, गाठ पुन्हा पुन्हा येतेय, तिथले केस गळतायत, कड जाड होतेय आणि महिना-दोन महिन्यांच्या शेकानं काही फरक नाही, तर तिथला तुकडा तपासायला पाठवावा लागतो. पापणीच्या तेलग्रंथींचा कॅन्सर असाच साध्या गाठीच्या रूपात येतो. आणि मोठ्या माणसाला रांजणवाड्या सारख्याच होत असतील तर रक्तातली साखर तपासा.

दिवसभरात

टाके घालताना आणि मोबाइल बघताना आपण पापण्या निम्म्यासुद्धा मिटत नाही, आणि पापणी मिटल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. मी बॉबिन बदलताना दर वेळी डोळे दहादा पूर्ण मिटते, वरची पापणी खालच्या पापणीला टेकेपर्यंत. टेबलफॅन तोंडावरून पायांकडे वळवलाय. उन्हाळ्यात गाडीवर गॉगल. डोक्यात कोंडा होता, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला शाम्पू लावते, आणि तेल रात्रीऐवजी न्हायच्या तासभर आधी, म्हणजे झोपेत ते कपाळावरून ओघळत नाही. तोंड पुसायचा नॅपकिन घरात प्रत्येकाचा वेगळा, आणि उशीचा अभ्रा चार दिवसांनी धुतलेला, कडक उन्हात वाळवलेला.

प्रवासात थर्मास आणि दोन नॅपकिन सांभाळता येत नाहीत, म्हणून मी एक पिशवी शिवलीय. धुऊन वाळवलेलं सुती कापड घ्यायचं, पॉलिएस्टर नको. शिवून २२ सेंटिमीटर लांब आणि १० रुंद होईल एवढं. तीन बाजूंनी दुहेरी टीप मारून त्यात कोरडे जवस भरायचे, पण निम्म्याहून थोडेच जास्त, म्हणजे पिशवी नाकावर दुमडून दोन्ही डोळ्यांवर नीट बसते. मधोमध एक उभी टीप मारली की दाणे एका बाजूला गोळा होत नाहीत. वरून काढता येईल असा अभ्रा, रोज धुवायला. तव्यावर टाकू नका. एखादी जागा जास्त तापते आणि नेमकी तीच पापणीवर येते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कोरडी स्टीलची ताटली ठेवून त्यावर पाच-सहा मिनिटं उलटसुलट करत तापवायची, दाणे हातानं हलवून ऊब सगळीकडे सारखी करायची, आणि मनगटावर दहा आकडे इथंही मोजायचे. नॅपकिनपेक्षा ती ऊब जास्त वेळ धरते. जवसाला खवट वास यायला लागला की टीप उसवून दाणे बदलते.